सरखोतांचा बर्फ

कादिर सरखोतांनी बर्फ पाहिला होता तो दोनच ठिकाणी, सरबतात आणि सुरमईखाली. तरीही बहरीनला, मनाम्यातल्या आमच्या कचेरीत बसून हा माणूस हिमालयातल्या कड्यावरून बर्फ कुठं उतरेल आणि कुणाच्या डोक्यावर उतरेल याचा अंदाज बांधायचा. बाहेर उन्हानं डांबर असं वितळलेलं असायचं की रस्ता ओलांडताना माझी एक चप्पल कायमची रस्त्याच्या मालकीची झाली. आणि आत सरखोत हिमवर्षावाचे तक्ते वाचत बसलेले. याचा त्यांना पगार मिळायचा. माझ्या गोष्टींवर लोक निम्माच विश्वास ठेवतात. ही खरी आहे, त्यामुळे तिच्यावर तेवढाही ठेवत नाहीत.

आमची कंपनी विमा कंपन्यांचा विमा उतरवायची. तुमचं घर जळलं की तुमची कंपनी रडणार आणि तिचे डोळे पुसायला आम्ही. दुनियेतली आग, पूर, वादळ, भूकंप, सगळं आमच्याकडे कागद होऊन यायचं. मी टेलेक्सच्या तारयंत्रावर होतो, म्हणजे संकटं आधी माझ्या बोटांखालून जायची आणि मग साहेबांच्या टेबलावर. जोखीम ठरवायचं काम सरखोतांचं. कागद पाहायचे आणि सांगायचे, घ्या, घेऊ नका, किंवा घ्या पण या अटीवर. बंदरं, गोदामं, तेलाच्या टाक्या ही मानाची कामं बाकीच्यांनी वाटून घेतली होती. थंड आणि दुर्गम मुलखांचा विभाग सरखोतांकडे आला, कारण वाटपाच्या दिवशी ते रजेवर दापोलीला गेले होते.

दुसरा एखादा कुरकुरला असता. सरखोतांनी लंडनहून बर्फावरची पुस्तकं मागवली आणि वर्षभर ती अशी वाचली की नमाजाला उठताना खूण म्हणून चष्मा आत ठेवायचे आणि मग घरभर चष्मा शोधत फिरायचे. उतार किती असला की बर्फ टिकतो, किती झाला की सुटतो, वारा कुठल्या बाजूला ढीग घालतो, सगळं तोंडपाठ. मनाम्याच्या नईम मोहल्ल्यात आम्ही तिघं एका घरात राहायचो, सरखोत, मी आणि खेडचा गणपत माने, जो कंपनीची गाडी चालवायचा. जेवताना सरखोत दहीभाताच्या ढिगाला बोटानं उतार द्यायचे आणि थांबून पाहायचे. गणपत म्हणायचा, "चाचा, जेवा आधी. भात कोसळला तर मी आहे."

उंच, वाळका माणूस. उजव्या हातात बारा महिने काळी छत्री. बहरीनमध्ये पाऊस म्हणजे पाहुणा. वर्षातून कधी येतो, बूटही काढत नाही आणि निघतो. सगळी नईम त्या छत्रीला हसायची. सरखोत चालायचेही गल्लीच्या बरोबर मधून. वर प्रत्येक खिडकीला एसीचा डबा टांगलेला, गंजक्या कोनावर.

"चाचा, मधनं चालू नका, गाडी ईल," गणपत म्हणायचा.

"गाडी हॉर्न वाजवते रे. एसी वाजवत नाही."

मी विचारे, आणि माझ्या बोलण्याला त्यांनी घसारा, म्हणजे वजावट, ठरवून दिला होता. मी काहीही सांगितलं की ते डोळे मिटून आकडेमोड करायचे. मी एकदा सांगितलं की मुहर्रकच्या धक्क्यावर होडीएवढा हामूर मासा पाहिला. ते म्हणाले, "विचाऱ्यांच्या गोष्टीला पंचाहत्तर टक्के घसारा. म्हणजे मासा होता. पुढं बोल." मला राग यायचा, पण हिशेब बरोबर असायचा.

त्यांचा खरा स्वभाव मला कळला तो गणपतच्या गाडीवरून. शेजारचा एक बहरीनी गृहस्थ रिफाला राहायला चालला होता आणि आपली गाडी गणपतला देतो म्हणाला. आरशासारखी गाडी, आणि मागणी इतकी कमी की गणपतला दोन दिवस झोप लागली नाही.

"माणूस लय चांगला हाय, चाचा. आपणहून म्हणाला."

"चांगला आहे ना? मग त्याला मेहुणे किती?"

"हायत की चारपाच."

"चांगल्या माणसाची चांगली गाडी मेहुणा सोडत नाही. मेहुण्यानं का घेतली नाही ते विचार, मग घे."

गणपत लाजत लाजत विचारून आला. गाडी एकदा भरतीच्या पाण्यात उभी राहिली होती, इंजिनापर्यंत. शेजाऱ्यानं ते लपवलंही नाही. कोणी विचारलं नव्हतं इतकंच. सरखोतांनी चहात खारी बुडवली.

थंडी म्हणजे काय हे पुस्तकात भागेना, तेव्हा त्यांनी बंदरावरचं मासळीचं शीतगृह गाठलं. तिथला मुकादम त्यांच्याच गावचा. एका इंग्रज बाईनं टाकून दिलेला ओव्हरकोट घालून हा गृहस्थ गोठलेल्या कोळंबीच्या खोक्यावर जाऊन बसला. मी आणि गणपत दाराबाहेर घाम पुसत उभे. बाहेर आले तेव्हा मिशीला अशा कांड्या लटकत होत्या की गणपतनं एक मोडून तोंडात घातली. (यातून घसारा वजा करा. मिशी पांढरी झाली होती, एवढं नक्की.) गाडीत बसल्यावर म्हणाले, "आत मुकादमानं मला दोनदा हाक मारली. मी ऐकली. उत्तर द्यावं असं वाटलंच नाही. लिहून ठेवलं पाहिजे, गारठलेला माणूस हाकेला धावत नाही. वरून ओरडून सावध करू, ही अट धरायची नाही."

हे सगळं हसण्यावारी चाललेलं होतं तोवर बक्षी आला.

सौदीकडे जाणारा पूल तेव्हा अजून समुद्रात पाय रोवत होता. हिमालयाच्या पाठीमागच्या एका खोऱ्यात बोगद्याचं काम निघालं होतं. ठेका घेणाऱ्यांचा माणूस म्हणजे हा बक्षी, गोरा, गुबगुबीत, हसरा. मजुरांची छावणी, यंत्रं, बोगद्याचं तोंड, सगळ्याच्या विम्यातला मोठा हिस्सा आम्ही घ्यावा म्हणून तो फोटोंची पेटी घेऊन मनाम्याला आला. काम मोठं होतं. आमचे मॅनेजर वॉर्ड साहेब त्या आठवड्यात शीळ घालत जिने चढायचे. पहिला बर्फ पडून खिंड बंद व्हायच्या आत सही हवी होती, आणि तीनेकशे माणसं हिवाळाभर त्या छावणीत राहणार होती.

सरखोतांनी फोटो टेबलावर मांडले. मी टेलेक्सची पट्टी द्यायला गेलो आणि रेंगाळलो. फोटोत नदी, नदीकाठी हिरवंगार सपाट मैदान, त्यावर छावणीच्या पत्र्यांच्या रांगा. मागं डोंगर. पलीकडे लांब, खडकाळ चढावर दगडी गाव, एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी घरं आणि रुमालाएवढी शेतं.

"जगह तो बढ़िया है," सरखोत म्हणाले. "पानी पास, रास्ता पास. गाववाले देने को तैयार हुए?"

बक्षी खजूर चघळत हसला. "अजी, हँसते हँसते दी. चाय भी पिलायी."

"किसी ने दावा नहीं लगाया?"

"किसी ने नहीं."

"भाई-भाई में झगड़ा? हद्द का, बांध का?"

"ना जी. शरीफ लोग हैं."

सरखोतांनी चष्मा काढला आणि कोटाच्या टोकानं पुसला. मग म्हणाले, "फिर हम सही नहीं करेंगे."

बक्षीला आधी वाटलं चेष्टा आहे. मला मात्र माझ्या गुहागरची आठवण झाली. कोकणात दोन हात बांधासाठी तीन पिढ्या कोर्टात जातात. आजोबा दावा लावतात, बाप तारखा घेतो, नातू अपिलात जातो. आमच्याकडं मुलीचं स्थळ पाहतानाही विचारतात, जमिनीवर दावा चालू आहे ना? म्हणजे जमीन आहे. आणि इथं नदीकाठची गुळगुळीत सपाट जमीन, तीही डोंगराळ मुलखात, जिथं सपाटी सोन्यासारखी, आणि तिच्यासाठी कोणी कोणाचं डोकं फोडलं नव्हतं. ना तिच्यावर जुनं घर, ना देऊळ, ना म्हातारं झाड.

"आमच्या गावात डोंगराखाली असंच एक मैदान होतं," सरखोत मला मराठीत म्हणाले. "त्यावर कुणाचा हक्क नव्हता. आम्हा पोरांना तिथं खेळायलाही बंदी. का, ते कुणी सांगेना. एका श्रावणात डोंगरानंच सांगितलं."

वॉर्ड साहेबांना हे कारण इंग्रजीत सांगणं म्हणजे पंचाईत होती. बक्षीचं विमान शनिवारी. म्हणून शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आम्ही बक्षीलाही घेऊन साहेबांच्या रिफाच्या बंगल्यावर गेलो. सरखोतांच्या मांडीवर खबूसच्या रोट्या भाजणाऱ्याकडून आणलेला लोखंडी ट्रे, पिशवीत रवा आणि साबुदाणा. साबुदाणा गणपतच्या संकष्टीचा होता.

"चाचा, उपास माझा आणि हिमालय तुमचा," तो गाडी चालवताना कुरकुरला.

"तुझा गणपती डोंगरातलाच आहे. त्याला कळेल."

साहेबांच्या जेवणाच्या टेबलावर सरखोतांनी ट्रेमध्ये ओलसर रवा थापला. त्यावर साबुदाण्याचा पातळ थर. "हा थंडीत पडलेला पहिला बर्फ. खालून दाणेदार होतो, एकमेकांना धरत नाही." त्यावर पुन्हा ओला रवा, जाड, दाबून. "हा नंतरचा. वरून पाहाल तर भक्कम." तळाशी काड्यापेट्यांच्या रांगा लावल्या. मग ट्रेचं एक टोक हळूहळू उचलायला लागले. काही होईना. बक्षीनं माझ्याकडे पाहून डोळा मारला. आणखी उचलला. तरी काही नाही. सरखोतांनी ट्रेच्या कडेवर नखानं टिचकी मारली. वरचा सगळा थर मधोमध चिरला आणि पाटासारखा एकसंध खाली आला. काड्यापेट्या दिसेनाशा झाल्या.

साहेबांनी पाइप खाली ठेवला. "कधी होईल हे?"

"सांगता येत नाही."

"या हिवाळ्यात?"

"कदाचित. कदाचित छावणी उठल्यावर. कदाचित माझ्या नातवाच्या वेळी."

"सरखोत, आपण नाही म्हटलं तर हे दुसऱ्या कंपनीकडे जातील. तिथं कोणी रवा आणणार नाही. छावणी तिथंच राहील."

ते खरं होतं, आणि खोलीतल्या सगळ्यांना ते कळलं. नकार दिला तर आमची कंपनी वाचणार होती, माणसं नव्हती. सरखोतांनी गाडल्या गेलेल्या काड्यापेट्या एकेक करून वर काढल्या. मग त्यांनी जे केलं ते विम्याच्या धंद्यात कोणी करत नाही. बक्षीला म्हणाले, छावणी हलवा, तर विम्याचा हप्ता मी ठरल्यापेक्षा बराच कमी करतो. आणि साहेबांकडे वळून म्हणाले, "यात कंपनी बुडली तर माझं नाव लिहा."

त्यांचं नाव म्हणजे त्यांचा व्हिसा. नोकरी गेली की बहरीन गेलं. दापोलीला घराचा स्लॅब टाकायचा होता आणि धाकटी मुलगी बी.एड.ला होती. हे मला ठाऊक होतं, साहेबांनाही ठाऊक होतं.

"हलवायची कुठं?" बक्षीनं विचारलं.

सरखोतांनी छत्रीचं टोक फोटोतल्या त्या खडकाळ चढावर ठेवलं. "इथं."

बक्षीनं कपाळाला हात लावला. "ये नहीं हो सकता. वो पाँच भाइयों की ज़मीन है. बाप के ज़माने से मुक़दमा चल रहा है. एक पत्थर उठाओ तो लाठी लेके आते हैं."

"तीच," सरखोत म्हणाले. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

पुढचा महिनाभर माझा टेलेक्स पाच भावांच्या भांडणानं तापलेला होता. थोरला तयार, मधला नाही. मधला तयार, तर थोरल्याची बायको नाही. खिंडीत ढग जमल्याची बातमी आणि धाकट्यानं वकील केल्याची बातमी एकाच पट्टीवर आली. सरखोत रोज सकाळी माझ्या यंत्रापाशी उभे राहायचे, छत्री बगलेत. शेवटी एका सकाळी आलं की भाऊ तात्पुरते तयार, छावणी हलली, आणि खिंड बंद. सरखोत अरबीत म्हणाले, "यल्ला, खलास," म्हणजे चला, संपलं, आणि हौसेनं दोन शावरमे मागवले. दोन्ही स्वतःच खाल्ले.

त्या हिवाळ्यात मैदानावर बर्फ कोसळला नाही.

कोसळली ती दगडफेक. छावणीचं भाडं कोणत्या भावाला किती, यावरून पाचजणांचं पुन्हा बिनसलं. प्रत्येकजण छावणीला दुसऱ्याची भाडेकरू समजू लागला आणि रात्रीबेरात्री पत्र्यांवर दगड येऊ लागले. पत्रे फुटले, एक जनरेटर फुटला, आणि धाकट्यानं रागाच्या भरात स्वयंपाकघराची शेड उलटी केली. माणसं बचावली, पण नुकसानभरपाईची मागणी आमच्याकडे आली, आणि हप्ता तर आधीच कमी केलेला. कचेरीत लोक सरखोतांना "बर्फवाले" म्हणायला लागले. चहावाला मलबारी पोऱ्यासुद्धा ग्लासात बर्फ घालताना त्यांच्याकडे बघायचा.

वॉर्ड साहेबांनी त्यांना बोलावलं. दार उघडंच होतं.

"बर्फाचा अंदाज तुम्ही बांधलात, सरखोत. भावांचा राहिला."

"राहिला," सरखोत म्हणाले. "मी कोकणातला असून राहिला. आमच्याकडं भाऊ दगड मारत नाहीत, तारखा घेतात. सगळीकडं तसंच असेल असं धरलं. चूक माझी."

साहेबांना वाईट वाटत होतं, पण वरून हुकूम आला होता. सरखोतांच्या नोकरीचा करार पुन्हा केला नाही. सरखोत निघाले त्या दिवशी गणपतनं विमानतळापर्यंत इतकी सावकाश गाडी चालवली की आम्हाला एका हातगाडीनं मागं टाकलं. आत जाताना सरखोतांनी त्याच्या हातात एक पुडकं दिलं. साबुदाणा होता. "संकष्टीचं देणं," म्हणाले, आणि गेले.

पुढच्या हिवाळ्याच्या अखेरीस माझ्या यंत्रावर एक चार ओळींची पट्टी आली. मैदानावर हिमकडा उतरला. मैदान रिकामं. जीवितहानी नाही, मालाचं नुकसान नाही, मागणी नाही. मी ती साहेबांना नेऊन दिली. त्यांनी दोनदा वाचली, पाइप पेटवला, तो विझला, पुन्हा पेटवला. मागणी नसली की आमच्याकडे फाइल होत नाही. पट्टी तशीच ट्रेमध्ये पडून राहिली.

मे महिन्यात रजेवर गेलो तेव्हा गुहागरहून थेट दापोली गाठली. घरी सांगितलं, ते कोर्टात आहेत. आवारात आंब्याखाली बाकावर सरखोत बसले होते. छत्री होती, केस पांढरे झाले होते. शेजारी त्यांच्याच नाकाचा एक माणूस, मांडीवर डबा उघडलेला. दोघं एकाच डब्यातून भाकरी आणि सुकटीची चटणी खात होते.

"हा माझा भाऊ, लतीफ," सरखोत म्हणाले. "प्रतिवादी आहे. खा."

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "चाचा, आला. बर्फ आला. असा आला की डोंगर अर्धा रिकामा. नदी अडली. आवाज म्हणे दिल्लीला..."

त्यांनी डोळे मिटले. "घसारा लावू, की तू लावतोस?"

मी लावला. "मैदान भरलं."

"सगळं?"

"अर्धं."

"कुठलं अर्धं?"

पट्टीत डोंगराकडची बाजू भरली एवढंच होतं, पण मैदानावरच्या जुन्या छावणीचा नकाशा मी इतक्या वेळा टेलेक्सवर शब्दांत उतरवला होता की डोळ्यांपुढं होता. "नदीकडची गोदामं राहिली असती. डोंगराकडच्या चार रांगा गेल्या असत्या. झोपायच्या."

सरखोतांनी हातातला भाकरीचा तुकडा डब्याच्या झाकणावर ठेवला. लतीफनं पाण्याची बाटली पुढं केली.

"तिथं कुणी नव्हतं?"

"कुणी नाही."

"एखादा सामान आणायला गेलेला? गुराखी?"

"नाही चाचा. कुणी नाही."

ते पाणी प्यायले. मग विचारलं, "ते भाऊ?"

"अजून भांडतायत. आता बोगदा संपल्यावर छावणीचे पत्रे कोणाचे, यावरून."

"चांगलं आहे," सरखोत म्हणाले. "म्हणजे जागा शाबूत आहे."

मी विचारलं, तुमचा हा दावा कशाचा? त्यांनी लतीफकडे बोट केलं. लतीफ म्हणाला, "घरामागची पट्टी. बैलगाडी वळेल इतकीच. डोंगर तिथनं लांब आहे ना, म्हणून दोघांना पाहिजे."

व्हरांड्यात पट्टेवाल्यानं पुकारा केला, "सरखोत विरुद्ध सरखोत."

"दादा, चल, पुकारलं," लतीफ म्हणाला आणि डबा बंद केला.

सरखोतांनी छत्री उघडली. ऊन मनाम्याच्या तोडीचं होतं. थोरल्यानं छत्री धरली, धाकट्यानं डबा, आणि वादी-प्रतिवादी एकाच छत्रीखाली आवार ओलांडून गेले, कौलांच्या कडेपासून चांगले चार हात लांबून.